मोत्यांचं पान

उंदराने कुरतडलेली निळी वायर.

कुलूपबंद कपाटात एक कॉम्प्युटर.

लायब्ररीभर वाटलेले पेढे.

"बाबांना कळू देऊ नका," रेणुका म्हणाली. "मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी ते काम करतात त्या अख्ख्या लायब्ररीत पेढे वाटले होते."

हैदराबादेत जामबागच्या आपल्या खोलीत तारामती घोरपडे डोळे मिटून ऐकत होती. तपास तिचा, स्कूटर तिच्या दिराची, नामदेवरावची.

"पण चोरी कसली?" त्याला अजून उलगडा होत नव्हता.

रेणुकाच्या कंपनीत बनत असलेली मोत्यांच्या एका पेढीची वेबसाइट. ती पुरी होण्याआधीच दुसऱ्या कंपनीने जशीच्या तशी मांडली. प्रत्येकाच्या मशीनवर चाचणीपुरता छोटा सर्व्हर असायचा, पण मोत्यांची पानं ठेवायची फक्त मालकाकडे. काल तिच्यासोबत काम करणाऱ्या तेजसने मालकाला ती रेणुकाच्या मशीनवर दाखवली. आज संध्याकाळी मालक पोलिसात तक्रार देणार होता.

कुकटपल्लीच्या ऑफिसात मालक अरविंद तापलेलाच होता. साड्यांचं दुकान विकून त्याने ही कंपनी काढली होती, कारण नव्याण्णव साली सगळेच काढत होते.

"मी डोळ्यांनी पाहिलं, बाई! तेजसने आपल्या टेबलावरून हिच्या मशीनचा पत्ता मारला. एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक. मोती हजर! तिथल्या तिथे हिचं मशीन कपाटात टाकलं. किल्ली माझ्या खिशात."

"पत्ता म्हणजे घर नंबर?" नामदेवरावने विचारलं.

"तसंच काहीसं, भावोजी. आता गप्प बसा."

वेबसाइटची चित्रं करणारी अश्विनी वैतागली होती. "सोमवारपासून तेजसचे प्रिंट मीच काढतेय. फ्लॉपी आणून आपटतो. उंदराने त्याची वायर खाल्ली ना! वायरवाला म्हणतो, 'परसों आतऊं.' म्हणे परवा येतो! हैदराबादचा परसों! पुढची दिवाळीही त्यात बसते."

तेजस गोड हसला. "मावशी, हे टेक्निकल आहे. तुम्हाला कळायचं नाही."

"मला ते पान तरी दाखव," नामदेवराव म्हणाला.

"कसं दिसणार, काका? तिचं मशीन बंद आहे. आणि माझ्या मशीनला हात लावू नका हं."

तारामतीने सगळ्यांना तेजसच्या टेबलापाशी बोलावलं. निळ्या वायरचं तुटकं टोक उचलून दाखवलं.

"दुसऱ्याच्या मशीनपर्यंत जायचा रस्ता हा. सोमवारीच तुटला. पान तुम्ही पाहिलंत काल, बुधवारी."

"मग मी पाहिलं ते काय?" अरविंद गोंधळला.

"आरसा. प्रत्येक मशीन स्वतःला याच आकड्यांनी ओळखतं. कुठेही मारा, ते आपल्याच पोटात बघतं. विचारा या मुलींना."

अश्विनीने मान डोलावली. रेणुका हळूच म्हणाली, "त्याने कुठला पत्ता मारला, हे मला कुणी सांगितलंच नाही."

तारामतीने आकडे मारायला घेतले. तेजसने तिचा हात धरला. नामदेवरावने तेजसचा. एवढं त्याला लगेच कळलं.

कपाटाला कुलूप, वायर तुटलेली, आणि तेजसच्या पडद्यावर टपोरे मोती.

"प्रत तुझ्याकडे होती," तारामती म्हणाली. "ती बाहेर गेली, आणि संशय यायच्या आत तू दुसरीकडे बोट दाखवलंस."



अरविंदने तक्रारीचा कागद फाडला. "बेटा, झालं गेलं विसर. उद्यापासून ये."

रेणुका दिवसभरात पहिल्यांदा हसली. "येते, सर. बाबांना यातलं काहीच सांगणार नाही मी."

अरविंद खिशातली किल्ली उगाचच चाचपत राहिला. का, ते नामदेवरावला कळेना.

सकाळी, रेणुका जामबागला पोचण्याआधी, अरविंदने अफझलगंजच्या लायब्ररीत फोन करून तिच्या वडिलांना सांगितलं होतं, तुमची मुलगी चोर आहे.