राजनचा काडतुसांचा डबा

साहेब, तुम्ही एका सरळ माणसाला आत टाकलंत आणि काडतुसाच्या ज्या पुंगळीवरून टाकलंत ती एकदाही नीट पाहिली नाहीत. अहवालावर सही मात्र झोकात ठोकलीत. तुम्हाला लाज वाटो न वाटो, लोकांना हकीकत कळलीच पाहिजे.

मार्चमधली ओलीगच्च सकाळ होती. लायडस्खेनडाम या डच गावातल्या आपल्या खोलीवजा ऑफिसात खाजगी तपासनीस मंजूषा टिपणीस हीटरला पाय टेकवून बसली होती. तिचा मामेभाऊ अभिराम आयटीतली नोकरी गेल्यापासून तिची गाडी चालवायचा आणि तिची बोलणी खायचा.

आइंडहोवनहून आलेली पद्मजा भिजलेल्या कोटासकट खुर्चीत बसली.

"राजन माझा नवरा. चिपच्या मशिनांवर इंजिनिअर आहे. माणूस मारला म्हणून आत आहे."

राजन, गंधार आणि प्रताप हे तिघे मित्र. तिघांकडे शिकारीचे परवाने, एकाच मापाच्या रायफली. दुकानातल्या काडतुसांनी मनासारखा नेम लागत नाही, म्हणून राजन रीतसर परवानगी काढून घरी काडतुसं भरायचा. दारू तराजूवर तोलायची, पुंगळीत ओतायची, वर गोळी बसवायची. गंधारलाही त्यानेच भरून दिली होती. नेमबाजीच्या रेंजवर त्यातलं एक काडतूस उडवताना गंधारची रायफल फुटली आणि काडतुसामागे बंद होणारा दांडा, म्हणजे बोल्ट, त्याच्या डोक्यात घुसला.

"तपासवाले म्हणतात, राजननं एका पुंगळीत चुकून दोनदा दारू ओतली. डब्यातली बाकीची काडतुसं उघडली, ती सगळी बरोबर निघाली. आता शिक्षा झाली की इथला राहण्याचा परवानाही जाणार. आणि गंधारची बायको, शिवांगी, माझं तोंड बघत नाही."

"घरात दारूचे डबे किती सापडले?" मंजूषाने विचारलं.

"एकच. तो एकाच जातीची वापरायचा."

"ताई, हुशार माणसाकडूनही होते चूक," अभिराम म्हणाला.

"तुझ्याकडून होतात रे. सगळ्या जगावर कशाला ढकलतोस?"

दोघं वकिलाबरोबर राजनला भेटायला कोठडीत गेली. त्याचे गाल आत गेले होते.

"मीच मारलं का हो त्याला?" त्याने आधी हेच विचारलं. "आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही."

"ते मी बघते. या वेळी वेगळं काय केलं होतंत?"

"एकच. बार उडाला की पुंगळी फुगते आणि त्या रायफलच्या पोटाचा आकार घेते. आधी मी ती दाबून मूळ मापावर आणायचो. या वेळी पहिल्यांदाच फक्त तिचं तोंड आवळलं, बाकी आकार तसाच ठेवला. नेम सुधारतो त्याने. सगळ्या पुंगळ्या गंधारच्याच रायफलमधून दोन-तीनदा उडालेल्या होत्या."

"कोणाला सांगितलं होतंत?"

"गंधारलासुद्धा नाही. आधी नेम बघू म्हटलं, मग फुशारकी मारू."

"दारू कुठवर भरता?"

"गळ्यापर्यंत. हळू जळणारी आहे, भरपूर लागते."

"डबा गंधारला कोणी दिला?"

"प्रतापनं. गाडी त्याच्याकडे आहे ना. गंधार आपला सायकलवर."

"आणि रेंजवर?"

"आम्ही शेजारीशेजारीच उभे राहतो. त्या दिवशी प्रताप एकटा पार टोकाला, दाराशी गेला. म्हणाला, तिथे ऊब आहे."

बाहेर आल्यावर अभिराम म्हणाला, "बिचारा. मला वाटतं चूक त्याचीच आहे."

"तुला वाटायचे पैसे देत नाही मी. गाडी काढ."

शिवांगीने दार अर्धंच उघडलं. "राजनसाठी आला असाल तर चालते व्हा."

"गंधारसाठी आलोय," मंजूषा म्हणाली.

दार उघडलं. घरात दिवा नव्हता. शिवांगी म्हणाली, "शेवटच्या आठवड्यात धड जेवत नव्हता. फेलुवेच्या जंगलातून आला तो असा गप्पच. एकदाच म्हणाला, प्रतापनं पाडलं ते रानडुक्कर नव्हतं. सोमवारी जाऊन वनखात्यात सांगणार आहे. शनिवारी गेलाच तो."

प्रताप गॅरेजमध्ये भेटला. हातदाबाच्या यंत्रावर तो छर्ऱ्याची काडतुसं भरत होता.

"रानहंसांसाठी," तो म्हणाला. "यातली दारू भसकन पेटते, रायफलची नाही ही. या, बसा."

"राजनचा डबा तुम्ही पोचवलात?"

"जसा दिला तसा. उघडलासुद्धा नाही. पण खरं सांगू का, राजन अतिशहाणा! त्याची ती काडतुसं इतकी घट्ट, की माझ्या रायफलचा बोल्टच बंद होत नाही. असले प्रयोग करायचे, मग माणसं मरतात."

"खरंय," मंजूषा म्हणाली.

रविवारी तिने सगळ्यांना पद्मजाच्या स्वयंपाकघरात बोलावलं. शिवांगी पद्मजाकडे पाठ करून बसली. टेबलावर रवा, तराजू आणि त्याच मापाची एक रिकामी पुंगळी होती.

"शिरा करताय?" प्रताप हसला. बाकी कोणी हसलं नाही.

"राजनची दारू पुंगळी गळ्यापर्यंत भरते. तेवढाच हा रवा." मंजूषाने पुंगळी भरली. "आता तपासवाल्या साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे दुसऱ्यांदा ओतू."

रवा टेबलभर सांडला. अभिरामचं तोंड उघडंच राहिलं.

"हे दुधखुळ्या पोरालाही दिसलं असतं. दोनदा भरणं शक्यच नाही. म्हणजे आत दुसरी दारू होती, थोडीशीसुद्धा भसकन पेटणारी. तसली राजनच्या घरात नव्हतीच."

तिने वकिलाकडून आलेला फोटो पुढे सरकवला. फुटलेल्या पुंगळीचं बूड मोठं करून काढलं होतं.

"रिकामी पुंगळी रायफल आकड्याने ओढून बाहेर काढते. दर वेळी कडेवर एक ओरखडा उठतो. डब्यातल्या बाकीच्या पुंगळ्यांवर दोन-तीन ओरखडे आहेत. हिच्यावर एकच, बोल्ट मागे उडाला तेव्हाचा. ही त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा उडाली. राजननं भरलेलं हे काडतूसच नाही. कोणीतरी त्याचं एक काढून आपलं एक ठेवलं."

"कोणीही ठेवलं असेल," प्रताप म्हणाला.

"डबा उघडला नाहीत म्हणालात. मग घट्ट बसतं हे कसं कळलं?"

"नेहमीच असतं तसं."

"नाही. आधीची मूळ मापाची होती, तुमच्या रायफलमध्ये सहज बसली असती. हे राजननं पहिल्यांदाच केलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही नमुन्याला एक काढलंत, आपल्या रायफलमध्ये घालून पाहिलंत, ते गंधारच्या रायफलच्या आकाराचं, म्हणून बोल्ट अडला. आणि बनावट काडतूस नक्की कधी उडेल हे माहीत नसल्यामुळे गंधारपासून लांब, मार्चच्या गारठ्यात, उघड्या दाराशी ऊब शोधत उभे राहिलात."

प्रताप उठला. शिवांगी आधीच दारात जाऊन उभी होती.

"फेलुवेत काय पाडलंत, प्रतापभावजी?"

"शिवांगी, बाजूला हो."

"लांडगा," मंजूषा म्हणाली. "डुक्कर मारायची परवानगी होती. पण त्या जंगलात लांडगेही आहेत, आणि त्यांना इथे हात लावता येत नाही. गंधार बोलला असता तर बंदूक, नोकरी, देश, सगळं गेलं असतं."

प्रताप भिंतीला टेकला. "दहादा विनवलं त्याला. एका जनावरासाठी माझा संसार मोडू नको म्हटलं. ऐकेचना."

"म्हणून माझा मोडलात," शिवांगी म्हणाली.

अभिरामने फोनवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. प्रतापच्या गॅरेजमधल्या फळीवर राजनचं ते एक काडतूस मिळालं. ते उचलायला आलेल्या पोलिसांनी प्रतापलाही नेलं. राजन मात्र आतच राहिला.

गुरुवारी पद्मजा तपासवाल्यांच्या कार्यालयात गेली. अहवालावर सही ठोकणाऱ्या साहेबांनी काचेमागून, मान वर न करता सांगितलं, "अहवाल मंजूर झालेला आहे. फेरविचाराला वेळ लागेल. कधी, ते सांगता येत नाही."

 पद्मजाच्या मागून एक हात पुढे आला आणि काचेवर आपटला. शिवांगी होती.

"वर बघा! मेला तो माझा नवरा. मारणाऱ्यानं कबूल केलंय, ते मी या कानांनी ऐकलंय. मला हिच्या नवऱ्याबद्दल तक्रार नाही. मग कोणासाठी त्याला आत ठेवलंय तुम्ही? उत्तर द्या!"