शेवटची आठ घरं

गाणं एकच होतं, फाइलही एकच. मग शर्वाणीच्या हेडफोनमध्ये मऊ वाटणारं गुणगुणणं ध्वनिकेंद्रातल्या मोठ्या स्पीकरवर वाळू चघळल्यासारखं का वाजत होतं?

बारा वर्षांची शर्वाणी खुर्चीत अंग चोरून बसली. शेजारी तिची वर्गमैत्रीण जुई होती. ते गुणगुणणं जुईचंच होतं.

साल होतं २०५८. चंद्रावरच्या तळावर तेवीस माणसं राहत होती आणि त्यांच्यासाठी चिपळूणच्या शाळेने एक गाणं केलं होतं. शाळेच्या मुलांनी ते गायलं, शर्वाणीने त्याचं मिक्सिंग (वेगवेगळे आवाज जुळवून एक गाणं करणं) केलं. आता उरलं होतं मास्टरिंग (जुळवलेल्या गाण्यावरून फिरणारा शेवटचा हात). ते काम ध्वनिकेंद्रातला टिटवी नावाची यंत्रमानव करणार होती. तळावर हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांची घरघर दिवसरात्र चालू असते. तिथे ऐकू यावेत म्हणून गाण्यातले हळू आवाज टिटवीला पुष्कळ वर उचलावे, म्हणजे मोठे करावे लागत होते. आणि उचलल्याबरोबर जुईचं गुणगुणणं खरखरायला लागलं होतं.

दुपारचे दोन वाजले होते. चार वाजता गाणं चंद्राकडे रवाना व्हायचं होतं.

"असं का होतंय?" जुईने विचारलं.

"तुझा घसा बसला होता ना त्या दिवशी," शर्वाणी पटकन बोलून गेली. "मी म्हटलं होतं, नंतर करू. तूच ऐकलं नाहीस."

जुईचा घसा बसला नव्हता. शर्वाणी तसं काही म्हणालीही नव्हती.

जुईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. तेवीस जणांमध्ये तिची आई होती, दगडांचा अभ्यास करणारी. जुईची वेणी घालताना आई जी चाल गुणगुणायची, तीच जुईने गाण्याच्या शेवटी घेतली होती. हळूहळू लांब जाणारी, विरत जाणारी.

"मग शेवट काढून टाक, टिटवी," जुई म्हणाली. "आईला तेवढं नाही मिळालं तरी चालेल."

शर्वाणीच्या कानशिलांवर ऊन पडल्यासारखं झालं.

"काढण्याआधी आकडे बघते," टिटवी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, लाडही नव्हता. "फाइलवर चोवीस बिट लिहिलंय, म्हणजे प्रत्येक आकड्याला चोवीस घरं. पण प्रत्येक आकड्याची शेवटची आठ घरं रिकामी आहेत. गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकूण एक. घसा बसल्याने असं होत नाही. फाइल करताना होतं."

नाही म्हणावं, संगणकावर ढकलावं, असं क्षणभर शर्वाणीच्या मनात आलं. मग तिला जुईच्या हातातली रुमालाची सुरळी दिसली.

"मी केलं ते," ती म्हणाली. "मी फाइल सोळा बिटची काढली होती. लहान होते, लवकर जाते म्हणून. नंतर सूचनांमध्ये चोवीस हवी असं वाचलं. पुन्हा सगळं करायचा कंटाळा आला, म्हणून तीच फाइल चोवीसमध्ये बदलली. आणि जुई... तुझा घसा चांगला होता. मी खोटं बोलले."

जुईने आपली खुर्ची थोडी लांब सरकवली.

टिटवीने हात हलवला. हवेत प्रकाशाचा जिना उभा राहिला. "आवाज म्हणजे हवेची लाट. ती दर क्षणाला किती उंच आहे, हे संगणक आकड्यात लिहितो. त्या आकड्याला किती घरं द्यायची, ती बिट डेप्थ (आवाजाची मोजपट्टी किती बारीक, हे सांगणारी संख्या). प्रत्येक घरात शून्य किंवा एक, असं करत सोळा घरांत पासष्ट हजार पाचशे छत्तीस पायऱ्या मावतात. चोवीस घरांत एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त."

"पासष्ट हजार पुष्कळ झाल्या की," शर्वाणी पुटपुटली.

"मोठ्याने गाणाऱ्याला पुष्कळच. पण हळू आवाज जिन्याच्या तळाशीच वावरतो. जुईच्या शेवटच्या सुरांना जेमतेम तीस-चाळीस पायऱ्या मिळाल्या. मधली प्रत्येक उंची जवळच्या पायरीवर ढकलली गेली. मी आवाज उचलला, तेव्हा त्या ओबडधोबड पायऱ्याही मोठ्या झाल्या. त्याचीच ही खरखर."

"मग चोवीस केल्यावर पायऱ्या वाढल्या का नाहीत?" हे जुईने विचारलं.

"फक्त सेंटिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीने मुंगी मोज. उत्तर येईल एक. मग वहीत एकापुढे दशांश चिन्ह देऊन तीन शून्यं लिही. मुंगी नीट मोजली गेली?"

"नाही," शर्वाणी म्हणाली. "नुसतं तसं दिसेल."

ते बोलताना तिला पुन्हा लाज वाटली. ही लाज मघापेक्षा खोल होती. तिने फाइलला जे केलं होतं, तेच बोलण्यातही केलं होतं.

"मूळ रेकॉर्डिंग आहे?" टिटवीने विचारलं.

"आहे. टॅबलेटवर. ते चोवीस बिटचंच आहे."

"मग काहीच हरवलेलं नाही. तिथूनच नवी फाइल काढ. चोवीस चालेल. बत्तीस बिट फ्लोट (दशांश चिन्ह मागेपुढे सरकवून खूप मोठे आणि खूप लहान आकडे लिहिण्याची पद्धत) घेतलंस तर चुकून आवाज वर गेला तरी कापला जाणार नाही. सोळा बिट वाईट नाही. ऐकायच्या शेवटच्या प्रतीला ते पुरतं. पण घरं कमी करायचं काम अगदी शेवटी, एकदाच करायचं."

शर्वाणीने टॅबलेट काढला. बत्तीस निवडण्याआधी तिने तो पडदा जुईसमोर धरला. "तू बघ. मग मी दाबते."

जुईने वाचलं आणि मान हलवली.

तीन वाजून दहा मिनिटांनी टिटवीने गुणगुणणं पुन्हा उचलून वाजवलं. आवाज लांब गेला, बारीक झाला आणि कुठेही न खरखरता विरला. जुईने डोळे पुसले. शर्वाणीची तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

"शाळेत सगळ्यांना वाटतंय की मी फार हुशार आहे," पडद्याकडेच बघत ती म्हणाली. "उद्या खरं काय झालं ते मीच सांगेन. घशाचंसुद्धा."

"सांग," जुई म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता. तो आवाजात कळत होता. "आणि पुढच्या गाण्याला मिक्सिंगला मी पण बसणार."

शर्वाणीने आपली खुर्ची सरकवून पडद्यासमोर जागा केली. "आतापासूनच बस. हे बघ, हा तुझा आवाज."