शेजारची खुर्ची

पटत नसेल तर सोडून द्या. मी तिथे होते, एवढंच सांगते.

फेब्रुवारीतला शनिवार, दुपारचे चार. पुण्यातल्या एका विद्यापीठाचं सभागृह.

माझी भाची वल्लरी नाटकात होती. तिची आई नम्रता, माझी थोरली बहीण. वल्लरी दोन वर्षांची असताना नम्रता गेली. जिन्यावरून पडली, असं मेहुण्यांनी सगळ्यांना सांगितलं.

मीही तेच सांगितलं.

मेहुणे हात उचलायचे. नम्रताच्या पाठीवरचे वळ मी पाहिले होते.

वल्लरीला मीच वाढवलं. तिचा वडिलांवर फार जीव.

नाटक धाडसी होतं. पंधरा मिनिटांत चारजण उठून गेले. मागे एक गृहस्थ कुरकुरले, "यापेक्षा घरी झोपलो असतो."

"इथे तरी काय केलंत?" त्यांच्या सौ. म्हणाल्या.

माझ्या डावीकडे कोणीच नव्हतं.

तरी ती खुर्ची उघडी होती... माणूस उठलं की आपोआप मिटणारी खुर्ची.

स्प्रिंग बिघडली असेल, म्हटलं.

मग वल्लरी पुढे आली. थेट आमच्याकडे बघत म्हणाली,

"ज्या बाईने घरात मार खाल्लाय, तिने उभं राहावं."

कोणी हललं नाही. पुण्यात राष्ट्रगीत सोडून कोण उभं राहतं?

शांतता... खोकलासुद्धा नाही...

खाट्!

डावीकडची खुर्ची मिटली.

मी मान वळवली नाही.

वल्लरीने माझ्या शेजारी बघून हात जोडले. "धन्यवाद. बसा."

खुर्ची सावकाश उघडली... कोणी टेकल्यासारखी करकरली.

प्रयोगानंतर चहा घेताना वल्लरी म्हणाली, "मावशी, तुझ्या शेजारची बाई कोण गं? एवढ्या लोकांत एकटीच उठली."

"कशी होती?"

"लाइट डोळ्यांवर होता, चेहरा नाही दिसला. पण स्टेजकडे बघतच नव्हती ती..."

"मग?"

"तुझ्याकडे बघत होती."

मी म्हटलं, "असेल कोणीतरी."

बहिणीबद्दल मी दुसऱ्यांदा खोटं बोलले.

आता थकले. पोरीला तोंडावर सांगायची ताकद नाही. ती हे पेज रोज वाचते, म्हणून इथे लिहिलं. नावं बदललेली नाहीत.

आज रविवार. ती डबा घेऊन खडकीला वडिलांकडे गेलीय.

जेवताना मोबाइल बघायची सवय आहे तिला...