माझा हितसंबंध आहे

"साक्षीदार कुठायत?"

खिडकीआडच्या कारकुनाने हे इतक्या सहज विचारलं, की दोघंही वळून आपल्या पाठीमागे बघायला लागले. मागे कोणीच नव्हतं. दारावर 'विवाह नोंदणी' अशी ठळक पाटी होती आणि ती न वाचताच दोघं एकापाठोपाठ एक आत शिरले होते. त्यातली एक चष्म्याचं दुकान चालवत होती, म्हणजे कमालच म्हणायची!

"मी... पादचारी समितीच्या सभेला आलेय," ती गोरीमोरी होत म्हणाली.

"मीसुद्धा," शेजारचा उंच माणूस म्हणाला. त्याच्या कोटाच्या बाहीवर मांजराचे केस चिकटले होते.

"मग वरच्या मजल्यावर," कारकून कंटाळून म्हणाला. "पुढचे या!"

जिन्यात तिने विचारलं, "तुम्हाला तरी पाटी दिसली नाही?"

"मी पाटी कुठे बघत होतो? तुमच्या मागून आलो. तुम्ही अशा ठामपणे चालत होतात, की म्हटलं, यांना रस्ता माहीत असणार."

"आणि मी तर—"

"हो. आता कळलं." तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा जास्त मिटायचा. तिच्या धंद्यात दिवसभर लोकांचे डोळेच बघायचे असतात, म्हणून हे तिला दिसलं... असं तिने स्वतःला बजावलं.

तो प्राण्यांचा डॉक्टर निघाला.

ही समिती म्हणजे बिनपगारी हौशी माणसांचा कारभार. फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, सिग्नल यांच्या शिफारशी करायच्या, आणि नगरपालिकेला पटलं तर पुढच्या वर्षीच्या कामांत त्यांचा नंबर लागायचा. सभासद सात. त्यातला एक कायम परगावी. दुसरे एक निवृत्त बसड्रायव्हर, ते घराच्या पायरीवरून घसरून पाय मोडून बसलेले. उरले पाच, आणि ठराव मंजूर व्हायला पाच जण हजर हवेतच. अध्यक्षस्थानी एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे आणि मनातून घाबरायचे.

पहिल्याच सभेत बाईंनी नियम सांगितला. "ज्या विषयात स्वतःचा फायदा-तोटा गुंतलाय, त्या वेळी 'माझा हितसंबंध आहे' म्हणायचं आणि उठून बाहेर जायचं. कारण मी विचारणार नाही. शाळेतही पोरांना बाहेर का जातोस म्हणून कधी विचारलं नाही."

चष्मेवालीने लगेच हात वर केला. "बाई, मला ज्या रस्त्यावर सिग्नल हवाय, तो माझी आईच ओलांडते."

"आया सगळ्यांनाच असतात. बस खाली."

आईची गोष्ट मात्र साधी नव्हती. आईची नजर हळूहळू चालली होती, आणि लेकीच्या दुकानातली एकही काच त्यावर चालणार नव्हती. मावशी राहायची रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर. जन्मभर दोघी बहिणी दिवसाआड एकमेकींकडे जात आल्या होत्या. मावशीचे गुडघे गेल्यापासून जाणारी एकटी आईच होती, आणि गेल्या हिवाळ्यात एका मोटारीने करकचून ब्रेक मारला, तेव्हापासून तीही घरी बसली. मावशी गॅलरीतून हात हलवायची. आई इकडून हात हलवायची, भलत्याच खिडकीकडे बघत. लेकीला ते पाहवत नसे. तिला तिथे सिग्नल हवा होता, तोही टिकटिक आवाज करणारा, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला ऐकू येईल.

डॉक्टरने हे सगळं कान देऊन ऐकलं होतं. सभेआधी पॅसेजमधल्या मशीनची कोमट कॉफी पिताना तो म्हणायचा, "आज काय नवीन?" आणि ती सांगत सुटायची. एकदा तर तो तिच्याबरोबर त्या रस्त्यावर येऊन डोळे मिटून उभा राहिला.

"काय करताय?"

"बघतोय, आवाजावरून किती कळतं ते. तुम्ही डाव्या बाजूला आहात."

"ते कशावरून?"

"बांगडी वाजली," तो म्हणाला. आणि डोळे उघडायला त्याने उगाचच उशीर लावला.

म्हणूनच, तिचा विषय पटलावर आला आणि डॉक्टर खुर्ची मागे सारून उठला, तेव्हा तिला वाटलं तो पाठिंबा द्यायला उठला.

"माझा हितसंबंध आहे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला आणि बाहेर गेला.

दार लागलं. उरले चार. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "विषय पुढच्या सभेत."

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात संशयाचा भुंगा शिरला. कसला हितसंबंध? शोधायला फार लांब जावं लागलं नाही. डॉक्टरचा नवा दवाखाना त्याच रस्त्यावर, तिच्या दुकानासमोर होता आणि त्याला लागून मोटारींचं भलंमोठं शोरूम. सिग्नल झाला तर शोरूमच्या फाटकासमोर गाड्या खोळंबतील, म्हणून त्या मालकाचा सिग्नलला विरोध होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"पाणी मुरतंय," मावशी फोनवर म्हणाली. "गोड बोलणारा आहे का गं?"

"आहे."

"मग नक्कीच मुरतंय!"

ती दुकानाच्या काचेआडून पाळत ठेवू लागली. गिऱ्हाईक समोर अक्षरं वाचत बसलेलं असायचं आणि हिची नजर रस्त्यापलीकडे. एका दुपारी डॉक्टर शोरूममधून मालकाच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडताना दिसला. दोघं हसत होते. मालकाने त्याच्या हातावर किल्ली ठेवली आणि डॉक्टर मोठ्या, नव्या कोऱ्या गाडीत बसून निघून गेला. वाईट नुसतं सिग्नलचं वाटलं असतं तर बरं होतं... पण तिला आठवत होती ती बांगडी.

पुढच्या सभेतही तेच झालं. तोच बाहेर, विषय पुढे.

त्यानंतर तो तिच्या दुकानात आला. "जवळचं वाचायला त्रास होतोय. डोळे तपासाल?"

"दूरचं मात्र बरोबर दिसतं वाटतं तुम्हाला. गाड्याबिड्या."

"म्हणजे?"

"खालची ओळ वाचा."

त्याने वाचली. मग हळूच म्हणाला, "तुम्ही चिडलाय माझ्यावर."

"मी कोण चिडणार? माझा काय हितसंबंध?"

"पुढच्या सभेपर्यंत थांबा," तो एवढंच म्हणाला. आणि म्हणे, कॉफीला याल का! लाच देतोय मेला, तीही कॉफीची... तिने त्याला दार दाखवलं. मात्र चष्म्याची फ्रेम त्याला कुठली शोभेल, हे तिला तो येण्याआधीच ठरवता आलं असतं, हीच तर चीड होती.

ती सभा म्हणजे शेवटची संधी. त्यानंतर वर्षाच्या कामांची यादी बंद होणार होती. सकाळी आई म्हणाली, "नाही झालं तर नाही झालं. फोनवर बोलतोच की आम्ही." आणि समोरच्या इमारतीकडे हात हलवला. मावशी त्या वेळी गॅलरीत नव्हतीच.

ती सभेला पोचली ती युद्धाच्या तयारीने. पण तिच्याआधीच खोलीत एक नवा माणूस बसला होता, प्लास्टर घातलेला पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून. बसड्रायव्हर! डॉक्टर त्याच्या पाठीला उशी लावत होता. नियम असा, की लांबून कोणी नुसतं मत पाठवलं तर चालत नसे. माणूस खोलीत हवा.

अच्छा, तिने दात ओठ खाल्ले. म्हणजे विरोधी मत उचलून आणलंय.

विषय निघाला. डॉक्टर उठला. "माझा हितसंबंध आहे." दार लागलं. बाईंनी मोजलं. पाच होते.

"बोला," बाई म्हणाल्या.

ती बोलली. आईबद्दल, भलत्या खिडकीबद्दल. मग तिने बसड्रायव्हरकडे बघितलं. आता हा काय तो घाव घालणार.

"त्या वळणावर मी जन्मभर ब्रेक दाबत आलो," म्हातारा म्हणाला. "म्हाताऱ्या बाया मधोमध उभ्या राहायच्या, आणि घाम मला फुटायचा. माझा होकार. पोरगं तीनदा घरी आलं मनवायला. पाय वाकत नाही, साध्या गाडीत बसता येत नाही, तर शोरूमच्या मालकाच्या हातापाया पडून मोठी गाडी घेऊन आलं. मागल्या सभेलाही आणली होती, तेव्हा मीच नाही म्हणालो. त्या मालकाचा कुत्रा यानेच वाचवलाय म्हणे."

ठराव एकमताने मंजूर झाला. तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो भलतीकडेच धडधडत होता.

"बाई... मी जरा बाहेर जाऊ?"

"मी कारण विचारत नाही," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

तो खालच्या मजल्यावर होता, विवाह नोंदणीच्या दाराबाहेरच्या बाकावर. बाहेर पाऊस भुरभुरत होता. तो घाईने उठला. "झालं?"

"झालं. आता सांगा. कसला हितसंबंध?"

"नियम असा आहे, की कारण—"

"बाईंनी विचारायचं नाही. मी विचारू शकते."

त्याने बाहीवरचा एक केस काढला. तिथे केस नव्हताच. "फायदा-तोटा गुंतला असेल तर उठायचं, असं बाईंनी सांगितलं. तुमचा विषय निघाला की मला रस्ता दिसायचाच नाही. तुम्ही दिसायचात. वाटायचं, हे मंजूर झालं तर ही हसेल... आणि ते मला इतकं हवं होतं, की म्हटलं, आपण निःपक्ष नाही. उठलेलं बरं."

"पहिल्या दिवशी नाही का सांगायचं!"

"सांगितलं असतं, तर मताच्या बदल्यात काही मागतोय असं वाटलं असतं. मला तसं मागायचं नव्हतं. पण तुमची आई ताटकळली माझ्यापायी. ते मला टोचत होतं. म्हणून मग ड्रायव्हरकाका..."

"एवढा खरेपणा कोणी करतं का?" ती रागावूनच म्हणाली, पण डोळे भरून आले होते. "दोन महिने मी तुम्हाला चोर समजतेय! रात्र-रात्र! आणि तरी सकाळी दुकान उघडलं की आधी तुमच्याच दवाखान्याकडे बघायचे. चोर आला का ते."

"आला होता?"

"रोज." तिने बांगडी मनगटावर फिरवली. "पुढच्या महिन्यात तुमचा विषय आहे ना, कुत्र्यांच्या पाणपोईचा? मला उठावं लागणार."

"का?"

"माझा हितसंबंध आहे."

आतून कारकुनाने मान बाहेर काढली. दोघांना ओळखून कपाळाला हात लावला. "अजून साक्षीदार नाहीत?"

सिग्नल बसला तो पुढच्या हिवाळ्यात. पहिल्या दिवशी आईने ठेवणीतली साडी नेसली. पलीकडे गॅलरी सोडून मावशी खाली आली होती, काठी टेकत, थेट रस्त्याच्या कडेला. हिरवा लागला, टिकटिक सुरू झाली. डॉक्टरने पुढे होऊन आईपुढे हात केला.

"मला ऐकू येतंय हो," आई म्हणाली. "हात धरायचा तर हिचा धरा." आणि ती रस्त्यात उतरली, सरळ, न अडखळता, आपल्या बहिणीकडे.