आज कोण गेलं?

फिरकी ठेवा बाजूला. आता कसला पतंग, हात दिसत नाही डोळ्यासमोर. तुक्कल, ते पतंगाच्या दोरीला बांधलेले कंदील बघायचे, तर ते बसल्या जागेवरून दिसतात. ईशानी, चिकीचा डबा इकडे सरकव. आणि ओजस, तू जिन्याच्या दाराशी बसू नकोस. घाबरलास की पहिला खाली पळशील आणि माझी गोष्ट अर्धी राहील.

गोष्ट म्हणतो, पण हे घडलेलं आहे. आपल्या बडोद्यात, याच तरसालीत, याच सोसायटीत, माझ्या भिंतीला भिंत लागून. शेवटचं टेनामेंट आहे ना, जिथे आता बँकेतले पटेल भाड्याने राहतात? त्यांना मात्र कोणी सांगायचं नाही. चांगला माणूस आहे, उगीच घर सोडून जाईल.

तिथे पिलाजीराव शितोळे राहायचे. आजोबा महाराजांच्या फौजेत होते, हे ते प्रत्येक भेटीत सांगायचे, जणू काही मागच्या भेटीत सांगितलंच नाही. स्वतः मकरपुऱ्याला एका कारखान्यात सुपरवायझर होते. बायको लवकर गेली. माणूस तापट, पण मनाने मोकळा, हसायचा तर घर हलायचं. त्यांची एक खोड होती. पहाटे पेपर व्हरांड्यात पडला की पहिलं पान बघायचं नाही. आधी आतलं, बेसण्यांच्या, म्हणजे मयतांच्या जाहिरातींचं. हातात हे एवढं भिंग. आणि भिंग सापडायच्या आधीच पलंगावरून ओरडायचे, "आज कोण गेलं?" मला भिंतीतून ऐकू यायचं. गजर लावायची गरज नव्हती मला.

मुलगा समरजित. त्याची रंगीत टीव्हीची एजन्सी होती, वाघोडिया रोडला. ते दिवसच तसे होते. ज्याच्याकडे काल रेडिओ होता त्याला आज पन्नास चॅनेल पाहिजे होते. समरजितने दोन-चार वर्षांत गाडी घेतली, घराला संगमरवर बसवला, आणि लोक काय म्हणतील याची काळजी त्याला श्वासासारखी लागली. धाकटी भक्ती मुंबईला दिलेली. म्हाताऱ्याचा जीव तिच्यात.

अठ्ठ्याण्णवची तेरा जानेवारी. मंगळवार. उत्तरायणाची आदली संध्याकाळ. पिलाजीराव आठ दिवस अंथरुणाला खिळलेले, त्या दिवशी तर शुद्धही नव्हती. डॉक्टर नाडी बघून म्हणाले, "रात्र निघायची नाही. कळवायचं त्यांना कळवा." भक्तीला फोन गेला, ती रात्रीच्या गाडीत बसली.

आणि समरजितच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. उत्तरायणाला छापखाना बंद, म्हणजे पंधराला पेपर नाही. म्हातारा रात्री गेला तर जाहिरात येणार सोळाला. तोवर सगळं उरकलेलं. सणाच्या दिवशी सगळं गाव गच्चीवर, खांदा द्यायला चौघं मिळायची मारामार. टीव्ही कंपनीचे साहेब, डीलर, आपली मराठा मंडळी, कोणाला कळणारच नाही. त्याला बापाची अंत्ययात्रा मोठी पाहिजे होती.

म्हणून त्याने कागद घेतला आणि बसला लिहायला. बाप बाजूच्या खोलीत घरघरतोय आणि हा लिहितोय. आपलं मराठी बडोदंसुद्धा मरणाची बातमी गुजराती पेपरातच वाचतं, पण मी मराठीत सांगतो. "आमचे पूज्य वडील पिलाजीराव शितोळे यांचं आज संध्याकाळी झोपेत, शांतपणे निधन झालं. अंत्ययात्रा उद्या सकाळी दहाला राहत्या घरून." वर फेट्यातला फोटो. स्कूटर काढली आणि पेपरच्या ऑफिसात जाऊन देऊन आला. तिथल्या माणसाने विचारलं, "क्यारे गया, भाई?" हा म्हणाला, "आजे. सांजे." त्या माणसाने हात जोडले. याने पण जोडले.

घरी आला. म्हातारा आहेच.

समरजितची बायको नीरा दोन रात्री जागलेली, तिला त्याने वरच्या खोलीत झोपायला पाठवलं. स्वतः पलंगाशी बसला. वाट बघत. तुम्ही कधी कोणाची मरायची वाट बघितली आहे? नका बघू.

अकरा वाजले. बारा. घरघर चालूच. मग हळूहळू घरघर थांबली. समरजित उठून जवळ गेला. बाप गेला नव्हता. बापाला झोप लागली होती. साधी, चांगली झोप.

पहाटे चारच्या सुमारास पिलाजीरावांनी डोळे उघडले. स्वच्छ डोळे. म्हणाले, "पाणी." प्यायले. म्हणाले, "भक्ती आली?" हा म्हणाला, "गाडी पहाटेची आहे." तर म्हणतात, "येऊ दे. चहा तिच्याबरोबरच घेतो."

समरजितने बाहेर येऊन पेपरच्या ऑफिसात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, मशीन कधीच थांबलं, गठ्ठे गाड्यांत चढले.

अरे, मग काय झालं असतं? दहाला लोक आले असते, याने हात जोडले असते, चूक झाली म्हणाला असता. चार दिवस लोक हसले असते. सगळ्यात जास्त म्हातारा हसला असता. जन्मभर सांगत सुटला असता की मी माझ्या मरणाची जाहिरात वाचली, फोटो बरा आला होता. एवढंच झालं असतं. पण समरजितला ते हसणं नको होतं.

पाचला पेपर पडला. थप्प.

आणि आतून आवाज. क्षीण, पण तोच. "आज कोण गेलं?"

समरजितने व्हरांड्यातच पान उघडून बघितलं. खाली, उजव्या कोपऱ्यात, फेटा. तो पेपर घेऊन आत गेला.

"वाच."

त्याने वाचलं. एक नाव. दुसरं. तिसरं.

"अजून?"

"एवढंच, बाबा."

"बघू... भिंग दे."

...

हे मला त्यानेच सांगितलं, पुढे. मी विचारलं, मग? दिलंस भिंग? तो म्हणाला, "नाही काका. उशी घेतली."

चिकी खायची थांबलात सगळे? बरं. ऐका.

भक्ती तेव्हा कुठे होती माहीत आहे? बडोदे स्टेशनवर. गाडी वेळेवर आली होती. तिने उतरल्या उतरल्या पेपर घेतला. स्वतःसाठी नाही, बाबा विचारतील म्हणून. आणि सवयीने आतलं पान उघडलं. फेट्यातला फोटो. आज संध्याकाळी. म्हणजे काल. पोरगी तिथेच बाकावर बसली. आता घाई कशाची, असं वाटलं असणार. रडली, तोंड धुतलं, पुन्हा रडली. आणि ती तिथे बसलेली असताना इकडे बाप जिवंत होता, चहाला थांबला होता. सरळ रिक्षात बसली असती तर दारात उभी राहिली असती... उशीच्या आधी.

ती आली तेव्हा मीही गेलो होतो. तिने बापाचा हात हातात घेतला. आणि सोडला. माझ्याकडे बघितलं. नंतर जिन्याशी गाठून मला हळूच म्हणाली, "शरदकाका, काल संध्याकाळी गेले ना? मग हात गरम कसा?" मी माणसांत जाऊन उभा राहिलो. तिने पुन्हा विचारलं नाही. तेरावं झालं आणि गेली. त्या घरात परत पाय ठेवला नाही तिने.

अंत्ययात्रा मात्र मोठी झाली. गल्ली भरली होती. वर पतंग, खाली माणसं. समरजितच्या मनासारखं झालं.

पंधरा दिवसांनी पहाटे भिंतीतून आवाज आला. पिलाजीरावांचा नाही. समरजितचा. तो बेसण्यांच्या जाहिराती वाचत होता. मोठ्याने. रिकाम्या खोलीत. नाव, गाव, वेळ. मग थोडी शांतता. मग "एवढंच, बाबा."

रोज. रोज पहाटे. त्याने पेपर बंद करून बघितला. पेपर यायचा थांबला, विचारणारा थांबला नाही. मग पुन्हा सुरू केला, कारण वाचायला काही नसलं की फार वाईट व्हायचं म्हणे. काय व्हायचं ते सांगितलं नाही. नीराने दोन महिने काढले आणि वासण्याला माहेरी निघून गेली. एजन्सी बुडाली. माणूस चिपाड झाला.

वर्ष झालं. नव्व्याण्णवची तेरा जानेवारी, बुधवार. रात्री दहाला त्याने माझं दार वाजवलं. "काका, आज माझ्याकडे झोपायला या." मी गेलो. त्या रात्री त्याने सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. मला त्याची कीव आली नाही. खोटं कशाला बोलू? शेवटी तो म्हणाला, "मी लिहून बसलो होतो ना काका. झोपेत, शांतपणे. वाटलं, आजारी माणूस, क्षणात होईल. पण शांतपणे नाही झालं. बाबांच्या हातात अजून खूप जोर होता."

मी बाहेरच्या खोलीत आडवा झालो. तो आत, बापाच्या पलंगावर. दार नुसतं लोटलेलं.

अंधारी रात्र. वारा पडलेला. डोळा लागला.

थप्प.

पेपर.

समरजित माझ्या अंगावरून गेला. व्हरांड्यातून पेपर घेतला. आत गेला. दिवा लावला. दार लोटलं. वाचायला लागला. एक नाव. दुसरं. तिसरं.

थांबला.

मला कागदाची सळसळ ऐकू येत होती.

आणि मग... वर्षभरात पहिल्यांदा... मी ऐकलं.

"अजून?"

...

"ए... एवढंच, बाबा."

...

"भिंग दे."

दिवा गेला. पलंग वाजायला लागला. पलंगाचे पाय... चारी पाय, फरशीवर. मी उठलो. दार ढकललं. लोटलेलं दार. कडी नाही, काही नाही. हलेना. आतून कोणीतरी श्वास घ्यायचा प्रयत्न करत होतं. बराच वेळ. फार वेळ.

मग पलंग थांबला. आणि दार आपलं आपण उघडलं.

समरजित पलंगावर. उशी पायाशी, जमिनीवर. डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल.

मी कोणालाच कळवलं नव्हतं, डॉक्टर आणि नीरा सोडून. भक्तीला फोन लागत नव्हता. सुन्न होऊन ओट्यावर बसलो होतो. आणि दहा वाजता फाटक वाजलं. पांढऱ्या कपड्यात दोघं. मग चौघं. हातात हार. मग गल्लीच्या टोकापासून रांग. मी एकाला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? वेड्याकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, "काका, सवारना पेपरमां तो छे."

मी घरी जाऊन माझा पेपर उघडला. खाली, उजव्या कोपऱ्यात, समरजितचा फोटो.

सोळा तारखेला पेपरच्या ऑफिसात गेलो. जाहिरात कोणी दिली? तो माणूस म्हणाला, तेराच्या संध्याकाळी एक वृद्ध काका आले होते. मजकूर सोबत आणला होता. छापायच्या आधी भिंगाने नीट तपासून घेतला.

ते कात्रण माझ्याकडे आहे, खाली कपाटात. आज नाही दाखवत, उद्या उजेडात बघा. मजकूर अगदी तोच आहे, समरजितने बापासाठी लिहिलेला. आज संध्याकाळी, झोपेत निधन झालं. अंत्ययात्रा उद्या सकाळी दहाला, राहत्या घरून. नाव तेवढं बदललंय.

आणि एक शब्द काढून टाकलाय. शांतपणे.