धूळ कधी चालते का?

तिची नि त्याची पहिली भेट झाली ती टेबलाखाली. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक पडलेला स्क्रू शोधत होता, तीही वाकली, आणि दोघांची डोकी आपटली. ती चिडली. तो कपाळ चोळत म्हणाला, "चला, निदान माझ्याकडे बघितलंत तरी..."

तेव्हा कुणाकडे बघायची तिला सवड कुठली! तिच्या दादाला रक्ताचा कर्करोग झाला होता. या रोगाच्या पेशी मोठ्या भटक्या. हाडांतल्या मगजातून निघतात, रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, अंग चोरून फटीतून पलीकडे शिरतात आणि परक्या जागी बिऱ्हाड थाटतात. नवं औषध त्यांचे पाय बांधतं का, हे पाहायला दादाच्याच पेशी काचेच्या बशीत ठेवून ती त्यांचं चित्रीकरण करत होती. ते औषध दादाला द्यायचं की नाही, हे डॉक्टर त्यावरच ठरवणार होते.

मेकॅनिक रोज काहीतरी निमित्त काढून यायचा. ती त्याला कामात लुडबुड नको म्हणून दटावायची, आणि यायला उशीर झाला की दाराकडे बघायची.

एका सकाळी तिनं आदल्या दिवसाचं चित्रीकरण लावलं. पेशी सरकत होत्या. म्हणजे औषध हरलं... डोळे पुसून तिनं पुन्हा पाहिलं. पेशी चालतात त्या आपापल्या मर्जीनं, कुणी इकडे, कुणी तिकडे. या तर मेंढरांसारख्या एकाच बाजूला निघाल्या होत्या. आणि त्यांच्याबरोबर, कोपऱ्यातला धुळीचा कणसुद्धा!

मेकॅनिक दारातच होता. तिनं त्याला पडद्यापाशी बोलावलं.

"धूळ कधी चालते का हो?"

तो कानापर्यंत लाल झाला. "काल मी... या टेबलावर कोपर टेकून उभा होतो. बराच वेळ. भारानं सगळं चित्रच सरकलं असणार."

"यंत्रं दुरुस्त करता ना तुम्ही? एवढं कळू नये?"

"कळतं की. पण तुम्ही हसलात... मग कोपराचं भान कुणाला?"

चित्रीकरण नव्यानं झालं. त्याची रवानगी बाहेरच्या बाकावर. या वेळी पेशी जागच्या जागी बसल्या होत्या, खिळल्यासारख्या. ती धावत बाहेर आली. रडू नि हसू एकदमच फुटलं होतं.

"थांबल्या," ती म्हणाली. मग जरा अडखळून — "कोपर टेकायची एवढी हौस असेल, तर आमच्या घरीही टेबल आहे."

त्याच टेबलावर किती वर्षं जेवणं झाली! आणि डोक्यावर पुन्हा दाट केस आलेला दादा दर वेळी ताटावरून मान वर करून म्हणायचा, "जावईबापू, कोपर काढा. धूळ चालायला लागली."