शेजारची सीट

ल्युबेननं ती गाडी दोनदा पाहिली होती. दोन्ही वेळा तिच्या इंजिनात खोट सापडली नाही, आणि त्याचाच त्याला राग येत होता. आयुष्यभर लोकांच्या घरांवर छपरं घातलेला माणूस तो. कुठंतरी गळती असणारच, हे धरूनच तो कुठल्याही वस्तूकडे बघायचा. गाडी जर्मन होती, वापरलेली पण तोऱ्यातली. रंग गर्द हिरवा, आत सायीच्या रंगाचं कातडं. बटण दाबलं की टप घडी होऊन मागं डिकीत जायचा आणि डोक्यावर नुसतं आभाळ उरायचं. अशी गाडी घेणं त्याला झेपण्यासारखं होतं. शोभण्यासारखं नव्हतं, असं त्याच्या बायकोचं, दोब्रिनाचं मत होतं आणि ते तिनं दोनच शब्दांत दिलं होतं.

तो जर्मनीत श्टुटगार्टला गेला तेव्हा त्यांची मुलगी यासेना शाळेत नुकती लिहायला शिकत होती. बुर्गासच्या बसथांब्यावर त्यानं दोब्रिनाला सांगितलं होतं, दोन वर्षांत येतो, आणि येईन तो उघड्या टपाच्या गाडीतून. तुला शेजारी बसवून समुद्राकाठानं फिरवीन. दोन वर्षांची वीस झाली. दोब्रिना गावी पोमोरियेतच राहिली, मिठागरांच्या कडेला असलेल्या उपचार केंद्रात परक्यांच्या दुखऱ्या पाठींवर गरम काळा चिखल थापत. आता तो परत आला होता आणि एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसे दोघं राहत होते. द्राक्षांचा हंगाम संपला की ती प्लोवदिवला यासेनाकडे राहायला जाणार होती, कायमची. तिनं हे भांडून सांगितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं ते मिरच्यांत भात भरता भरता सांगितलं.

म्हणून ही गाडी. दुसरं काही त्याला सुचत नव्हतं, आणि वीस वर्षांत दिलेल्या शब्दांपैकी पाळता येण्याजोगा एवढाच उरला होता.

त्यात मानेची भानगड. आपल्या बुर्गासकडे हो म्हणायचं तर मान डावी-उजवीकडे डोलवतात आणि नाही म्हणायचं तर वर-खाली करतात. जर्मनीत सगळं उलटं. ल्युबेनची मान तिकडची झाली होती. परत आल्याच्या पहिल्याच सकाळी बेकरीतल्या बाईनं चीज भरलेली बानित्सा बांधून देऊ का विचारलं, यानं मान वर-खाली केली, आणि तिनं बानित्सा परत काचेमागं ठेवून दिली. ते हसण्यावारी गेलं. पण त्याच्या आदल्या रात्री दोब्रिनानं दारातच विचारलं होतं, आता कायमचा आलास ना? हातातल्या बॅगा तशाच धरून त्यानं जोरजोरात मान वर-खाली केली होती. तो खुलासा करीपर्यंत ती आत निघून गेली. खुलासा पुढं झाला, पण काही उपयोग झाला नाही. “नवरा पाठवला होता, परत जर्मन आला,” असं ती शेजारणींना सांगायची, आणि शेजारणी हसल्या तरी स्वतः हसायची नाही.

गाडीचा मालक पानायोतोव साराफोवोत राहायचा, विमानतळाला लागून. पूर्वी त्याचं किनाऱ्यावर छोटं हॉटेल होतं. पहिल्या भेटीत त्यानं “या मिस्त्री” म्हणून चावी हातात दिली आणि स्वतः अंजिराच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसला, गाडीकडे पाठ करून. ल्युबेननं गाडी खालून-वरून तपासली. ड्रायव्हरच्या सीटचं कातडं नव्यासारखं होतं. झिजलं होतं ते शेजारच्या सीटचं. मधोमध खोलगट झालेलं, आणि दाराकडच्या कडेला बारीक ओरखडे, एकाच जागी पुन्हा पुन्हा काढल्यासारखे. असं उलटं कसं, हे त्यानं विचारलं तेव्हा पानायोतोव म्हणाला की बायकोला गाडीतून हिंडायची आवड होती.

बायको, नेवेना, कॉफी आणि अंजिरांचा मुरंबा घेऊन बाहेर आली. बाई इतकी हसतमुख की ल्युबेनला हेवा वाटला. आणखी एक कप आणतेस का, असं नवऱ्यानं विचारलं, तेव्हा तिनं मान वर-खाली केली आणि लगेच कप घेऊन आली. ल्युबेनला आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

“ताई, तुम्ही जर्मनीत कुठं होता?” त्यानं विचारलं.

“मी?” ती हसली. “इथल्या वार्नाच्या पुढं मी कधी गेलेच नाही.”

ती आत गेल्यावर ल्युबेननं विचारलं, इतकी चांगली गाडी विकता कशाला? पानायोतोवनं चमच्यानं मुरंब्यातलं एक अंजीर उचललं.

“आता गरज नाही राहिली,” तो म्हणाला. “पूर्वी महिना महिना बोलायची नाही माझ्याशी. माझंच चुकलं होतं, ते जाऊ दे. आता बघताय ना तुम्ही? एका शब्दानं उलट बोलत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “बायकोला घेऊन या, मिस्त्री. ही एकट्यानं ठरवायची गोष्ट नाही. तिला शेजारी बसवा, फिरवा, मग काय ते सांगा.”

दुसऱ्या वेळी ल्युबेन एकटाच गाडी घेऊन पोमोरियेच्या रस्त्याला लागला. मिठागरांचं सरोवर दिसायला लागलं तेवढ्यात गाडी टिंग टिंग करायला लागली. समोर लाल दिवा पेटला होता: शेजारच्यानं सीटबेल्ट लावलेला नाही. शेजारी कोणी नव्हतं. त्यानं सीटवर हात ठेवला. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं, तरी कातडं कोमट लागलं. वायरिंगमध्ये ओल शिरली असणार, असं ठरवून त्यानं गाडी बाजूला घेतली आणि रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून अडकवला. टिंग टिंग थांबलं. पट्टा मात्र मागं सीटच्या पाठीला टेकला नाही. वीतभर पुढंच राहिला, ताठ. पट्टा गुंडाळणारी चाकी अडकली असेल, असं तो स्वतःशी मोठ्यानं म्हणाला आणि साराफोवो येईपर्यंत समोरच बघत राहिला.

पानायोतोवला त्यानं हे सांगितलं. वायर काढून टाकली तर चालेल का, असंही विचारलं.

“काही काढू नका,” पानायोतोव म्हणाला. “पट्टा लावला की गप्प बसते.”

आता इथंच हात झटकून निघून यावं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं, आणि ल्युबेन काही वेडा नव्हता. पण घरी दोब्रिनाची बॅग कपाटाच्या वरून खाली आली होती आणि पलंगाशेजारी उघडी पडली होती. तिच्यात अजून काही भरलेलं नव्हतं. त्या रिकाम्या बॅगेसमोर ओली वायर म्हणजे काय मोठंसं, असं त्याला वाटलं.

त्यानं दोब्रिनाला गळ घातली. एकदाच बसून बघ. नाही आवडली तर विषय संपला, आणि प्लोवदिवला तुला मी स्वतः पोचवीन. तिनं थोडा विचार करून मान डावी-उजवीकडे डोलवली. वीस वर्षांत तिनं त्याचं ऐकलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

रविवारी दुपारी ती आली ती कामावरच्या चपलांत, नखांत काळा चिखल तसाच. नेवेनानं तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडलेच नाहीत, शेवटी दोब्रिनानंच ओढून घेतले. गाडीचं दार उघडून ती नुसती उभी राहिली.

“इथं कोणी बसलंय का?” तिनं विचारलं.

“कोण बसणार?”

“मग मला ‘जरा सरका’ म्हणावंसं का वाटतंय?”

ल्युबेन हसला. ती बसली, अगदी कडेला, आणि पट्टा लावला. या वेळी काहीही वाजलं नाही.

टप उघडला. एका बाजूला सरोवर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये रस्ता. मिठाचा वास, कुजक्या शेवाळाचा वास, आणि वारा असा की कान बधिर व्हावेत. बसथांब्यावर त्यानं जे डोळ्यांसमोर आणलं होतं ते तंतोतंत हेच होतं. त्याला रडू आलं. इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या छपरांवर उभं राहून त्यानं हा रस्ता किती वेळा आठवला होता, हे तिला आत्ता सांगावं असं त्याला वाटलं.

दोब्रिना काहीतरी बोलली. वाऱ्यात ऐकू आलं नाही.

“काय?” तो ओरडला. “आवडली? घेऊ या?”

तिनं मान वर-खाली केली. जोरानं, पुन्हा पुन्हा. तिच्या डोक्यावरचा रुमाल सुटून मागं उडाला, तरी ती मान हलवतच होती.

त्याचा आनंद गगनात मावेना. त्यानं वेग वाढवला.

तिचा हात दाराच्या कडेवर होता. नखं कातड्यावर घासत होती.

मग ती शांत झाली.

आहेलोय गावाच्या वळणाशी तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “ल्युबचो,” ती म्हणाली. या नावानं तिनं त्याला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात हाक मारली होती, नंतर कधीच नाही. “सुंदर आहे रे.”

साराफोवोत परत आल्यावर त्यानं पानायोतोवच्या हातावर टाळी दिली. व्यवहार ठरला. नेवेना दारात उभी राहून दोब्रिनाकडे बघत हसत होती. दोब्रिनाही हसत होती.

पुढचा आठवडा ल्युबेनच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आठवडा होता. बॅग परत कपाटावर गेली. दोब्रिना गाणी गुणगुणायला लागली, त्याच्या ताटात आधी वाढायला लागली, आणि जुनं काहीही काढेनाशी झाली. कामावर जायचं तिनं बंद केलं. चिखल नको वाटतो, म्हणाली. तिची नखं स्वच्छ झाली. शनिवारी सकाळी त्यानं तिला कॉफी हवी का विचारलं. तिनं मान वर-खाली केली. त्यानं किटली खाली ठेवली, कारण एव्हाना त्याची मान इकडची झाली होती.

“मग दे ना,” ती लाडानं म्हणाली, आणि कप पुढं केला.

त्यानं कॉफी ओतली. रस्त्यावर त्या दिवशी जी मान हलली होती ती दोब्रिनाची होती, आणि ती नाही म्हणत होती, हे त्याला तेव्हा कळलं. दोब्रिना कधी वार्नापर्यंतसुद्धा गेली नव्हती.

तेवढ्यात फोन आला. प्लोवदिवहून यासेना होती.

“बाबा, आई कुठाय?”

“इथंच आहे. का?”

“आत्ता तिचा फोन आला होता. नंबर दिसत नव्हता. वारा इतका होता की धड काही ऐकूच येईना. ती रडत होती, बाबा. म्हणत होती, त्याला सांग गाडी थांबव, मला उतरायचंय. तुम्ही आहात कुठं?”

ल्युबेननं खिडकीतून पाहिलं. गाडी अंगणात उभी होती, टप बंद. झाडाचं पानही हलत नव्हतं. टेबलापाशी ती दोन्ही हातांनी कप धरून त्याच्याकडे प्रेमानं बघत होती, जसं कोणी आपल्याकडे बघावं म्हणून तो वीस वर्षं झुरला होता.

“घरीच आहोत आम्ही,” तो म्हणाला. “आईशेजारीच बसलोय. कोणीतरी चेष्टा केली असेल तुझी.”

“बाबा, मला आईचा आवाज कळत नाही का?”

“नंतर बोलू,” तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

कॉफी संपल्यावर तो माळ्यावर चढला. तिथं छपराच्या कामातली जाड ताडपत्री होती. ती घेऊन तो अंगणात गेला आणि गाडीवर पसरली, पुढून मागून जमिनीपर्यंत. वादळात अर्धवट छपरं झाकताना घालायचा तशा गाठी त्यानं चारही कोपऱ्यांना घातल्या, म्हणजे वाऱ्यानं उडायला नको. शेजारच्या सीटच्या दारावरून त्यानं आणखी एक दोरी आवळून घेतली.